हेल्मेट घालून मैदानात उतरलेला नौदल कॅडेट : ॲडमिरल जोसेफ रीव्ज यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन फुटबॉलमध्ये पहिलं हेल्मेट कोणी घातलं? प्रश्नमंजूषेत हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर म्हणून रीव्ज हे नाव पाठ केलं जातं. त्या नावापुढे पन्नास वर्षांची नोकरी होती आणि तिच्यात हेल्मेटपेक्षा कितीतरी मोठ्या गोष्टी घडल्या, हे सहसा कोणी सांगत नाही. लोक ज्या क्रमाने विचारतात त्याच क्रमाने इथे उत्तरं दिली आहेत, म्हणून हेल्मेट आधी. खरा ऐवज मात्र उत्तरार्धात आहे.

हे रीव्ज नेमके कोण?

जोसेफ मेसन रीव्ज. जन्म २० नोव्हेंबर १८७२, अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या टॅम्पिको या खेड्यात. चहूबाजूंनी शेती, समुद्र शेकडो मैल लांब. (पुढे १९११ साली रोनाल्ड रेगनही याच गावात जन्मले, त्यामुळे आज गावाची ओळख त्यांच्या नावाने आहे. रीव्ज मागे पडले.) १८९० साली ते मेरीलँडमधल्या ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत दाखल झाले, १८९४ साली पदवी घेतली. तिथे ते फुटबॉल खेळले आणि पुढे तिथेच संघाचे प्रशिक्षकही झाले. इंजिनरूमपासून सुरुवात करून १९३४ ते १९३६ या काळात ते अमेरिकेच्या संपूर्ण आरमाराचे सरसेनापती होते. २५ मार्च १९४८ रोजी त्यांचं निधन झालं.

‘नेव्हल कॅडेट’ म्हणजे आपल्या एनसीसीतल्या नेव्हल विंगसारखं काही?

नाही. हा छंद किंवा शाळा-कॉलेजातला उपक्रम नव्हता, पूर्ण वेळची लष्करी नोकरीच होती. आपल्याकडची जवळची गोष्ट सांगायची तर खडकवासल्याच्या एनडीएतला नौदलाचा कॅडेट. ॲनापोलिसच्या विद्यार्थ्यांना आधी आणि नंतरही ‘मिडशिपमन’ म्हणत, पण १८८२ ते १९०२ या वीस वर्षांत त्यांचं अधिकृत पदनाम ‘नेव्हल कॅडेट’ होतं. अभ्यासक्रम सहा वर्षांचा : चार वर्षं अकादमीत, दोन जहाजावर. त्यानंतर रिकाम्या जागा पाहून कोणाला डेकवर घ्यायचं आणि कोणाला इंजिनकडे, हे ठरे. रीव्ज १८९६ साली इंजिनकडे गेले. आमच्या मते या माणसाबद्दलची ही सर्वांत कामाची माहिती आहे, कारण पुढे ते प्रत्येक गोष्टीकडे इंजिनिअरच्या नजरेने पाहत राहिले.

हा फुटबॉल म्हणजे आपण खेळतो तो नव्हे ना?

नव्हे. आपल्या फुटबॉलचा याच्याशी संबंध नाही, आणि आज टीव्हीवर दिसणाऱ्या अमेरिकन फुटबॉलशीही १८९३ चा खेळ फारसा जुळत नाही. चेंडू पुढे फेकायला परवानगी नव्हती, ती १९०६ साली मिळाली. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. पाचच यार्ड काढायचे असल्यामुळे मोकळ्या जागेत पळण्यापेक्षा समोरची भिंत फोडणं सोपं वाटे. सगळा खेळ मग त्या फोडाफोडीचा. पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव, आणि दुखापत झाल्याशिवाय बदली खेळाडू नाही.

त्यात १८९२ साली हार्वर्डने येलविरुद्ध ‘फ्लाइंग वेज’ नावाची नवी चाल काढली. दोन टोळ्या लांबून पळत यायच्या, एकमेकींना मिळून पाचर तयार व्हायची आणि त्या पाचरीच्या आत चेंडूवाला. समोर एकच खेळाडू उभा असेल तर त्याच्या अंगावर ही सगळी वस्ती आदळायची. वर्षभरात सगळ्यांनी तिची नक्कल केली. कबड्डीत सातही जण एका चढाईवाल्यावर तुटून पडतात, तसं काहीसं. फक्त इथे ते पंधरा-वीस यार्डांवरून धावत यायचे आणि अंगात जाड जाकिटं असली तरी डोकी उघडी असत. १८९४ साली नियम बदलून हा प्रकार थांबवावा लागला.

मग डोक्याचं रक्षण कसं करायचे?

केस वाढवून! ही थट्टा नाही. १८९० च्या दशकातल्या संघांचे फोटो पाहा, सगळ्यांच्या डोक्यावर टोपलीएवढं जंगल. सराव सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून खेळाडू केस कापायचं बंद करत. नाकावर बांधायला रबरी पट्टी असे, ती दातात धरून ठेवायची. टोपी किंवा कवच घालणं मात्र भित्रेपणाचं समजलं जाई.

हेल्मेटची गोष्ट काय आहे?

रीव्ज संघाच्या पुढच्या फळीत खेळायचे, म्हणजे पाचर जिथे आदळते तिथेच. आधीच्या सामन्यांत त्यांच्या डोक्याला इतक्या वेळा मार बसला होता की नौदलाच्या डॉक्टरांनी ताकीद दिली : आता डोक्यावर आणखी एक लाथ बसली तर जीव जाईल, किंवा जागच्या जागी वेड लागेल. त्या काळी मेंदूच्या दुखापतीबद्दल वैद्यकाला जे सुचायचं त्याची भाषा अशी होती.

समोर आर्मीविरुद्धचा, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीविरुद्धचा, सामना होता. कॅडेटच्या लेखी वर्षातला हा एकच सामना खरा, बाकीचे नुसते सरावाचे. रीव्ज यांनी सामना सोडला नाही आणि डॉक्टरांचं म्हणणंही उडवून लावलं नाही. ते ॲनापोलिस गावातल्या एका चर्मकाराकडे गेले आणि मोलस्किनची, म्हणजे आतून अस्तर दिलेल्या जाड मऊ कापडाची, डोक्याला घट्ट बसेल अशी टोपी शिवून घेतली. ती घालून २ डिसेंबर १८९३ रोजी ते अकादमीच्याच मैदानावर उतरले.

आजच्या हेल्मेटसारखं टणक कवच, तोंडापुढची जाळी यांतलं तिच्यात काही नव्हतं. पायात जोडा शिवणाऱ्या हातांनी डोक्यासाठी काढलेली तोड होती ती. तरीही एक बाब लक्षात घ्यावी : त्या दिवशी मैदानावरच्या बावीस जणांत आपल्या डोक्याची अशी सोय केलेला हा एकच खेळाडू लोकांच्या लक्षात राहिला.

ही गोष्ट कितपत खरी? दुसरंही एक नाव ऐकलं होतं.

ते दुसरं नाव जॉर्ज बार्क्ले यांचं. लाफायेट कॉलेजच्या या खेळाडूने १८९६ साली घोड्याचं सामान करणाऱ्या कारागिराकडून चामड्याच्या तीन जाड पट्ट्यांचं डोकेबंद बनवून घेतलं. त्यांची काळजी वेगळी होती. सतत घासून आणि आपटून कान सुजून बेढब होतात, कुस्तीगिरांचे होतात तसे, आणि बार्क्ले यांना आपले कान वाचवायचे होते.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. रीव्ज यांचं साल आधीचं आहे. बार्क्ले यांची वस्तू कान झाकणारी, पट्ट्यांची, नंतरच्या चामडी हेल्मेटच्या जास्त जवळची आहे. ‘जनक कोण’ हा वाद घालण्यात अर्थ नाही. पेटंट कोणीच घेतलं नव्हतं, आणि देशात आणखी कोणी आईकडून टोपीत कापूस भरून घेतला असेल तर त्याची नोंद कोण ठेवणार? रीव्ज यांची नोंद राहिली, कारण सामना आर्मी-नेव्हीचा होता आणि खेळाडू पुढे ॲडमिरल झाला.

त्या सामन्याचा निकाल काय लागला?

नेव्ही ६, आर्मी ४. हे आकडे आजच्या हिशेबाने विचित्र दिसतात. तेव्हा टचडाउनला, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्यांची शेवटची रेषा ओलांडायला, चारच गुण होते आणि नंतरची किक गोलात गेली की आणखी दोन. म्हणजे दोन्ही संघांनी एकेकदाच रेषा ओलांडली, आणि फरक पडला तो त्या एका किकचा.

नेव्हीचं लाडकं बोकड, म्हणजे संघाचं शुभंकर, हेही याच सामन्याला जिवंत हजर होतं. ‘न्यूयॉर्क’ या युद्धनौकेवरून आणलेला हा प्राणी, नाव ‘एल सिड’. आज बिल या नावाने ही परंपरा चालू आहे.

या सामन्यानंतर आर्मी-नेव्ही लढत बंद पडली, ते हेल्मेटमुळे का?

छे. प्रेक्षकांमुळे. सामन्यानंतर न्यूयॉर्कच्या आर्मी-नेव्ही क्लबात एक रिअर ॲडमिरल आणि एक ब्रिगेडिअर जनरल यांची इतकी जुंपली की प्रकरण द्वंद्वयुद्धापर्यंत गेलं, असं सांगतात. आता हे वय काय, हुद्दा काय, आणि भांडण कशावरून, तर पोरांच्या खेळावरून! कथेला थोडं तिखटमीठ लागलेलं असणार. पण परिणाम कागदावर आहे. प्रकरण अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या मंत्रिमंडळापर्यंत गेलं आणि दोन्ही अकादम्यांना फक्त आपापल्या घरच्या मैदानावर खेळण्याचे हुकूम निघाले. कोणीच प्रवास करायचा नाही म्हटल्यावर एकमेकांशी खेळणार कुठे? थेट १८९९ साली फिलाडेल्फियात, दोघांनाही परक्या असलेल्या मैदानावर, ही लढत पुन्हा सुरू झाली.

हेल्मेट मग लगेच सक्तीचं झालं असेल?

कॉलेज फुटबॉलमध्ये १९३९ साली, व्यावसायिक खेळाडूंच्या एनएफएल या लीगमध्ये १९४३ साली. रीव्ज यांच्या टोपीनंतर पन्नास वर्षं.

आणि त्याने मेंदू वाचतो का?

कवटी वाचते. मेंदू कवटीच्या आत हलतो आणि आतूनच आपटतो, ते कोणतंही हेल्मेट पूर्णपणे थांबवू शकत नाही. हेल्मेटमुळे निर्धास्त होऊन डोकंच शस्त्रासारखं वापरण्याची खोड लागली, हा खेळाचा पुढचा इतिहास. त्याचा दोष रीव्ज यांच्या चर्मकाराला देता येणार नाही.

पदवीनंतर ते कुठे गेले?

सर्वांत महत्त्वाची नेमणूक ‘ओरेगॉन’ या युद्धनौकेवरची. १८९८ मध्ये स्पेनशी युद्धाची चिन्हं दिसू लागली तेव्हा ही नौका पॅसिफिक किनाऱ्यावर होती आणि लढाई होणार होती क्युबाजवळ. पनामा कालवा अजून नव्हता. १९ मार्चला सॅन फ्रान्सिस्कोहून निघून, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून वळसा घालून, २४ मे रोजी ती फ्लोरिडाला पोहोचली. ६६ दिवस, १४,००० सागरी मैलांहून जास्त.

हा पराक्रम डेकवरच्या लोकांइतकाच इंजिनरूमचा होता, आणि सहायक इंजिनिअर म्हणून रीव्ज तिथे खाली होते. मुख्य इंजिनिअर रॉबर्ट मिलिगन यांचा हट्ट होता की बॉयलरमध्ये समुद्राचं खारं पाणी जाता कामा नये. खाऱ्या पाण्याने नळ्यांत क्षार साचतात, वेग घटतो आणि ऐन लढाईत इंजिन दगा देतं. मग गोडं पाणी कुठून आणायचं? माणसांच्या पिण्याच्या पाण्यातून कापून. विषुववृत्त ओलांडताना खलाशांच्या पाण्याचं रेशन झालं, आणि जहाजावरचा बर्फ त्यांनी राजीखुशीने भट्टीवर कोळसा ओढणाऱ्यांना दिला. ३ जुलै रोजी सँटियागोच्या लढाईत ‘क्रिस्तोबाल कोलोन’ ही स्पॅनिश क्रूझर पळून जात असताना तिला गाठायला ‘ओरेगॉन’कडे वेग उरला होता, तो या काटकसरीतून.

या प्रवासाचा आणखी एक परिणाम झाला. दोन महिन्यांचा वळसा पाहून अमेरिकेतलं जनमत कालव्याच्या बाजूने झुकलं. ही गोष्ट लक्षात असू द्या. पुढे पनामाच्या प्रश्नात लागेल.

प्रशिक्षक म्हणून कसे होते?

१९०७ च्या हंगामात ते अकादमीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवत होते आणि फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षकही होते. नऊ सामने जिंकले, दोन हरले, एक बरोबरीत. आर्मीला ६-० असं हरवलं. एवढा एकच हंगाम. त्याच वेळी खेळाच्या नियमांत मोठी उलथापालथ चालू होती. १९०५ साली मैदानावर मुलं दगावल्यावरून देशभर ओरड झाली होती, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना बोलावून घेतलं होतं, आणि १९०६ पासून पुढे पास देण्याला मुभा आणि पाचऐवजी दहा यार्डांची अट आली होती. पाचरीच्या काळात खेळलेला माणूस पासच्या काळातल्या मुलांना शिकवत होता.

विमानवाहू जहाजांशी त्यांचा संबंध कसा आला?

योगायोगाने, आणि मोठ्या गमतीदार योगायोगाने. १९१३ साली ‘ज्युपिटर’ नावाचं कोळसावाहू जहाज नौदलात दाखल झालं आणि त्याचे पहिले कप्तान रीव्ज. टर्बाइनवर वीज तयार करायची आणि त्या विजेवर जहाज पुढे ढकलणारे पंखे फिरवायचे, अशी रचना असलेलं हे अमेरिकन नौदलातलं पहिलं जहाज. म्हणूनच एका इंजिनिअरला दिलेलं. पुढे कोळशाची गरज सरली. कोळशाचे यांत्रिक हात काढून त्याच जहाजावर लाकडी धावपट्टी बसवली गेली आणि २० मार्च १९२२ रोजी ते ‘लँग्ली’ या नावाने अमेरिकेचं पहिलं विमानवाहू जहाज झालं. १९२५ साली रीव्ज आरमाराच्या विमान तुकड्यांचे प्रमुख म्हणून याच जहाजावर परत आले. ज्याच्या इंजिनाचा आवाज ओळखीचा, त्याच्या छपरावर आता विमानं उतरत होती.

ते स्वतः वैमानिक होते का?

नाही. नेमणुकीआधी फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथे त्यांनी ‘एव्हिएशन ऑब्झर्व्हर’चा, म्हणजे स्वतः न उडवता विमानातून निरीक्षण करणाऱ्याचा, अभ्यासक्रम पूर्ण केला. विमानदळाचे प्रमुख विल्यम मॉफेट यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी ही वाट काढली होती. स्वतः मॉफेट हेच पहिले ऑब्झर्व्हर. रीव्ज तेव्हा बावन्न वर्षांचे होते, पांढरी टोकदार दाढी, आणि वर्गात बाकी पोरं पंचविशीतली. त्याआधी नेव्हल वॉर कॉलेजात ते डावपेच विभागाचे प्रमुख होते. टेबलावर खोटी जहाजं सरकवून युद्धाचे खेळ मांडताना त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती : विमानं थोडीथोडी पाठवून उपयोग नाही, एकदम पाठवली तरच.

‘एक हजार एक प्रश्न’ हे काय प्रकरण आहे?

या पानावर सर्वांत कमी वेळा विचारला जाणारा आणि आमच्या दृष्टीने सर्वांत चांगला प्रश्न.

रीव्ज सॅन डिएगोला आले तेव्हा ‘लँग्ली’वरून आठएक विमानं उडत. त्यांनी सगळ्या वैमानिकांना एका सभागृहात बोलावलं आणि भाषणाऐवजी प्रश्न विचारायला सुरुवात केली. विमानं किती वेळात उडवता येतात? इतकाच वेळ का लागतो? उतरल्यावर दोघांत किती अंतर? जहाजावर जास्तीत जास्त किती विमानं मावतील? डेकवर ठेवली तर? बॉम्ब कोणत्या कोनातून टाकला तर लागतो? उत्तरं कोणाकडेच नव्हती, कारण तोवर असं कोणी विचारलंच नव्हतं. यालाच पुढे ‘एक हजार एक प्रश्न’ म्हणू लागले. आणि प्रश्न विचारून ते थांबले नाहीत. उत्तरं मिळेपर्यंत सराव, आणि सोबत घड्याळ.

मुख्य अडचण कळली की पुढचं समजायला सोपं जातं. तेव्हाची पद्धत अशी : विमान उतरलं की ते लिफ्टवर ढकलत न्यायचं, खाली पोटात उतरवायचं, लिफ्ट वर आणायची, मग दुसऱ्या विमानाला खूण करायची. एकेक उतरेपर्यंत बाकीची आकाशात घिरट्या घालत पेट्रोल जाळत. तोड काढली ती साधी. डेकच्या मधोमध आडवी तारांची अडसर उभी करायची. उतरलेलं विमान अडसर खाली पाडून तिच्यापुढे पार्क करायचं, अडसर पुन्हा उभी, पुढचं विमान घ्या. वेळेत न थांबलेलं एखादं विमान घसरत आलंच, तर पुढच्या गर्दीत घुसण्याआधी तारांत अडकेल. लिफ्टचा फेरा वाचला. डेक एकाच वेळी धावपट्टी आणि वाहनतळ झाला.

वैमानिकांनी आधी हात वर केले. एवढ्याशा डेकवर पुढे विमानं उभी असताना मागे उतरायचं म्हणजे जिवाशी खेळ. रीव्ज यांनी आकडा वाढवत नेला. ऑगस्ट १९२६ मध्ये एका दिवसात १२७ वेळा विमानं उतरवली गेली. त्याच महिन्यात आणीबाणी समजून बारा विमानं २१ मिनिटांत उतरवली. आठांवरून सुरू झालेली संख्या पुढे बेचाळीसपर्यंत गेली. जहाज तेच, डेक तोच, फक्त शिस्त वेगळी.

बॉम्बच्या कोनाचंही उत्तर मिळालं. २२ ऑक्टोबर १९२६ रोजी कॅलिफोर्नियाच्या सॅन पेद्रोहून बाहेर पडणाऱ्या युद्धनौकांना आधी सांगून, अमुक वेळेला येतो म्हणून कळवून, विमानांनी बारा हजार फुटांवरून जवळजवळ सरळ खाली सूर मारला. वेळ माहीत असूनही जहाजांवरच्या तोफा वेळेत वळल्या नाहीत.

विमानवाहू जहाजावर रंगीबेरंगी कपडे घातलेली माणसं दिसतात, तेही यांचंच का?

कामानुसार जर्सीचे रंग वाटून देण्याची सुरुवात त्यांच्याच हाताखाली ‘लँग्ली’वर झाली. पंख्यांच्या गोंगाटात ओरडून काही ऐकू येत नाही, मग इंधनवाला कोण आणि ढकलणारा कोण हे लांबूनच कळलं पाहिजे. रंगांचे अर्थ नंतर बदलत गेले, पण पद्धत जगभर टिकली. आपल्या नौदलाच्या ‘विक्रांत’च्या डेकवरचे फोटो पाहिलेत तर पिवळे, हिरवे, तांबडे, निळे जर्सीवाले तिथेही दिसतील.

पनामा कालव्यावरचा हल्ला नेमका काय होता?

खोटा हल्ला, पण त्याने खरी समजूत उलटली. जानेवारी १९२९ मध्ये अमेरिकन आरमाराची मोठी कवायत झाली, नाव ‘फ्लीट प्रॉब्लेम नऊ’. एका गटाने कालवा राखायचा, दुसऱ्याने फोडायचा. फोडणाऱ्यांचे प्रमुख ॲडमिरल विल्यम प्रॅट आणि त्यांच्याकडे ‘सॅराटोगा’ हे नवं कोरं प्रचंड विमानवाहू जहाज. तोवरची रीत अशी की विमानवाहू जहाजाने तोफनौकांच्या मागे राहायचं आणि त्यांच्यासाठी टेहळणी करायची.

रीव्ज यांनी प्रॅटना गळ घातली की ‘सॅराटोगा’ला मोकळं सोडा. सोबत फक्त ‘ओमाहा’ ही एक क्रूझर घेऊन ते मुख्य आरमारापासून फुटले, दक्षिणेला लांब गॅलापागोसच्या दिशेने वळसा मारला आणि तिथून रात्रभर भरधाव उत्तरेला आले. २६ जानेवारीच्या पहाटे, अंधारातच, कालव्यापासून सुमारे १४० मैलांवरून जवळजवळ सत्तर विमानं झेपावली. सकाळी सातनंतर ती मिराफ्लोरेस आणि पेद्रो मिगेल या जलपाशांवर, म्हणजे जहाजं वरखाली करणाऱ्या कालव्याच्या दारबंद हौदांवर, पोहोचली तेव्हा अडवायला कोणी तयार नव्हतं. पंचांनी दोन्ही पाश उद्ध्वस्त झाले असं ठरवलं.

गंमत पाहा : ज्या ‘ओरेगॉन’च्या वळशामुळे हा कालवा हवा असं अमेरिकेला पटलं, तिच्या इंजिनरूममधला पोरगा एकतीस वर्षांनी तोच कालवा कागदोपत्री फोडत होता, आणि तेही वळसा घालूनच.

रीव्ज यांच्या भक्तांना एक गोष्ट आवडत नाही, पण सांगायला हवी. त्या कवायतीत ‘सॅराटोगा’ही बुडाली असं पंचांनी ठरवलं, एकदा नव्हे, अनेकदा. म्हणून काही तोफनौकावाल्यांनी निष्कर्ष काढला की विमानवाहू जहाज एकटं सोडणं परवडत नाही. तेही अगदीच चूक नव्हतं. प्रॅट मात्र इतके खूश झाले की परतीच्या प्रवासात त्यांनी आपलं निशाण ‘सॅराटोगा’वर हलवलं, आणि पुढच्याच वर्षी ते नौदलाचे प्रमुख झाले.

मग पर्ल हार्बरला ते कुठे होते?

निवृत्त होऊन परत आलेले. १९३६ साली ते सेवेतून बाहेर पडले होते, १९४० मध्ये पुन्हा बोलावले गेले. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने रविवारी सकाळी पर्ल हार्बरवर जे केलं, ते रीव्ज यांनी पनामाला केलेल्या प्रयोगाच्याच जातीचं होतं : लांबून वळसा, रात्रीचा प्रवास, सकाळी विमानांचा घोळका. आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली, तिच्यात एक सदस्य रीव्ज. समितीने जानेवारी १९४२ मध्ये हवाईतल्या दोन्ही सेनापतींवर, ॲडमिरल किमेल आणि जनरल शॉर्ट यांच्यावर, कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका ठेवला. तो ठपका न्याय्य होता का, यावर अमेरिकेत आजही भांडणं होतात. आमचं मत असं की हा धोका सर्वांत आधी करून दाखवणाऱ्या माणसाला दुसऱ्यांच्या गाफीलपणाबद्दल दया येणं कठीणच होतं, आणि न्यायासनावर बसवायला असा माणूस योग्य की अयोग्य, हे ज्याचं त्याने ठरवावं.

त्यांना ‘बुल’ रीव्ज असं टोपणनाव होतं ना?

हो. नौदलात सगळ्यांना टोपणनावं असतात. दाढीवरून मागे ‘बोकड’ही म्हणत. नेव्हीच्या माणसाला ते कमीपणाचं वाटायचं कारण नाही.

फुटबॉल आणि विमानवाहू जहाज यांचा संबंध जोडणं ओढूनताणून नाही का?

थोडं आहे. रीव्ज फुटबॉल खेळले म्हणून लढाईत हुशार झाले, असं म्हणणाऱ्यांची अमेरिकेत कमतरता नाही, आणि त्यात खेळाच्या प्रेमाचा भाग मोठा. ॲनापोलिसला फुटबॉल खेळलेले शेकडो होते, सगळे रीव्ज झाले नाहीत. पण एक साम्य नाकारता येत नाही. डॉक्टरांनी ‘खेळू नकोस’ म्हटल्यावर त्यांनी धोक्याकडे दुर्लक्ष केलं नाही आणि मैदानही सोडलं नाही. गावात जाऊन टोपी शिवून आणली. वैमानिक ‘एवढी विमानं मावत नाहीत’ म्हणाले तेव्हा हुकूम सोडला नाही. तारांची अडसर आणली. दोन्ही वेळा उत्तर हाताने करता येईल असं होतं, स्वस्त होतं आणि दुसऱ्या दिवशीच वापरून पाहता येत होतं.

त्यांच्या नावाने आज काही आहे का? बघायला जाता येईल?

‘रीव्ज’ नावाची क्षेपणास्त्रवाहू नौका १९६४ साली नौदलात आली, १९९३ साली निवृत्त झाली आणि २००१ मध्ये नेमबाजीच्या सरावात लक्ष्य म्हणून बुडवण्यात आली. ‘लँग्ली’ त्याआधीच गेली होती. सी-प्लेनचं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचं, तळजहाज म्हणून काम करत असताना २७ फेब्रुवारी १९४२ रोजी जावाजवळ जपानी विमानांनी तिला निकामी केलं.

ॲनापोलिसची अकादमी मात्र आहे तिथेच आहे, वॉशिंग्टनपासून गाडीने तासाभरावर. मेरीलँड-व्हर्जिनियातल्या मराठी मंडळींना तर ती रविवारची सहल. आवारात नौदलाचं वस्तुसंग्रहालय आहे. लष्करी तळ असल्यामुळे ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत, तेव्हा भारतातून आलेल्या पाहुण्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा. आर्मी-नेव्ही सामना बघायचा असेल तर तो डिसेंबरमध्ये असतो, आजवर बहुतेक वेळा फिलाडेल्फियात झाला असला तरी ठिकाण बदलतं, आणि थंडी कडक असते.